तात्यांचा नाराजीनामा

नोकरी गेलेला माणूस अर्ज लिहून घ्यायला येतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. लालबागला आमच्या युनियनच्या खोलीत मी सहा वर्षं असे अर्ज लिहिले. अर्ज निकालात निघाले, किस्से राहिले. त्यांतले निम्मे एकट्या तात्यांचे! तात्या म्हणजे घोडपदेवचे धोंडू परब. मूळचे मालवणकडचे, परळला गिरण्यांसाठी बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, बनवणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षं काढलेले.

*

कारखान्याने एक खातं बंद केलं आणि इंग्रजीत नोटीस लावली. रिट्रेंचमेंट, म्हणजे कामगारकपात. कुणीतरी ती अर्धवट वाचून तात्यांना सांगितलं, 'रिटर्नमेंट'. तात्या पेढे घेऊन आमच्याकडे हजर! म्हणाले, आता घरी पाठवतायत, पण रिटर्न बोलावणार. मी खरा अर्थ सांगेपर्यंत माझा पेढा खाऊन झाला होता.

*

कपातीचा नियम असा, की शेवटी आला तो आधी जातो. तात्या आणि त्यांच्याच गावचा गोपाळ एकाच दिवशी कामाला लागलेले. मग गोष्ट गेटातून आधी आत कोण शिरलं यावर आली. तात्यांनी खरं ते सांगून टाकलं. ते उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत होते, तेवढ्यात गोपाळ आत गेला. झालं! गोपाळ राहिला, तात्या गेले. माणूस देवभोळा, पण तेव्हापासून आमच्या खोलीतसुद्धा ते आधी आत येत आणि मग मागे वळून उंबऱ्याला नमस्कार करत.

*

कपात झाली तर महिन्याचा नोटीस-पगार आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई हक्काची. नोकरी स्वतःहून सोडली तर भरपाई नाही. म्हणून मालकाच्या हुकमावरून हेडक्लार्क विजयकरांनी तात्यांना केबिनमध्ये बोलावलं. विजयकर गिरगावातले, कोट-टोपीतले, तीन पिढ्यांचे क्लार्क. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. तात्यांनी चहा बशीत ओतून शांतपणे संपवला.

"मी राजी नाय, मगे राजीनामो कसलो? नाराजीनामो आणा, सही करतंय."

विजयकर खिडकीकडे तोंड करून हसले, असं शिपाई सांगत होता.

*

आता माझा घोळ. आदल्या वर्षी तात्या संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात अकरा दिवस तुरुंगात होते. त्यांच्या रजेचा अर्ज मी लिहिला आणि कारण दिलं गालगुंड! सुटल्यावर तात्या दोन्ही गालांत सुपारी धरून, वर मफलर गुंडाळून कामावर गेले. लागण होईल म्हणून फोरमन आठवडाभर त्यांच्याशी लांबूनच बोलला. विजयकरही त्याच सकाळी रजेवरून परतले होते. बहिणीचं लग्न होतं म्हणे.

*

भरपाईचा दावा सरकारी अधिकाऱ्यांपुढे गेला, तेव्हा कंपनीच्या वकिलाने नेमका तोच अर्ज धरला. आजारपण असेल तर नोकरी सलग. तुरुंग असेल तर ती विनापरवाना गैरहजेरी, म्हणजे नोकरीत खंड. मग चौदा वर्षं पुसली जाऊन उरणार आठ महिने, आणि वर्ष भरलं नाही तर भरपाई शून्य. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? सुनावणीच्या दिवशी तात्या निवांत होते. भीती मला वाटत होती, कारण अर्जावरचं अक्षर माझं होतं.

हजेरीबुक विजयकरांकडे, म्हणून वकिलाने त्यांनाच साक्षीला उभं केलं. हा माणूस त्या दिवसांत आजारी नव्हता ना, असं विचारलं. विजयकरांनी टोपी सारखी केली.

"होता. अकरा रात्री माझ्या शेजारी कण्हत होता. मला डोळा लागू दिला नाही."

वकील उडालाच. आपण राहता गिरगावात, हा घोडपदेवला, मग शेजारी कसा?

विजयकर पुन्हा टोपी सारखी करू लागले. तात्यांचा हात आपसूक गालावर गेला.

सरकारी अधिकारी खाली बघून लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "त्या दिवसांत साथच होती. आमच्या धाकट्या भावालाही झालं होतं गालगुंड. अकरा दिवस."