स्विचवरचा हात

म्हातारपणी माणसाला कसला नाद लागेल याचा नेम नाही. मी ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालो, बासष्टी उलटली, सीवूड्सला राहतो आणि रिमोटवरची गाडी दगडांवर चढवतो. ही सुसाट पळणारी पोरांची गाडी नव्हे. हातभर लांबीची, जाडजूड चाकांची ही गाडी मुंगीच्या चालीनं एकेक दगड चढत जाते. रविवारी सकाळी खारघरच्या टेकडीवर आम्ही आठदहा जण जमतो. आमच्या सौ. नंदिनीबाई म्हणतात, "नातवंडं खेळायची झाली आणि हे खेळतायत." म्हणू देत.

पण या खेळापायी एका बाईचा हात जाता जाता वाचला.

त्याचं झालं असं. दोन दगडांच्या बेचक्यात गाडी वळवायची तर चारही चाकं एकदम ओढतात आणि गाडी वळण्याऐवजी नाक घासत पुढं सरकते. अशा वेळी मागच्या अ‍ॅक्सलला जाणारी ताकद तोडता आली, मागची चाकं जागच्या जागी धरून ठेवता आली, तर पुढची चाकं गाडीला तिथल्या तिथं फिरवतात. त्यासाठी मागचा शाफ्ट, म्हणजे चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा, मधोमध कापायचा आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर दात असलेली एक सरकती कॉलर बसवायची. छोटी मोटर ती कॉलर पुढंमागं ढकलते. पुढं ढकलली की मागची चाकं जोडली जातात, मागं ओढली की जखडतात. ऐकायला सोपं आहे. कॉलर मात्र वाटाण्याएवढी, आणि केसभर ढिली झाली तरी दात निसटतात. तयार मिळते ती माझ्या गाडीला बसत नव्हती. चार वर्कशॉपांत गेलो. तिघं हसले, चौथ्यानं चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी टेकडीवरच्या विश्वजितनं सांगितलं, "नावड्याला जा. एक बाई आहे, जयमाला म्हणून. ती करेल."

जयमाला साताऱ्याकडची, चाळिशीच्या आसपासची. अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली सलवार आणि केस करकचून बांधलेले. नवरा कृष्णात तळोज्याच्या एका कारखान्यात टर्नर होता. पाच वर्षांपूर्वी चालू लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायच्या मशीनवर, हातमोजा अडकला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याआधी त्यानं स्वतःसाठी एक जुना लेथ घेऊन गाळ्यात बसवला होता. बोटं गेल्यावर तो मशीनला हात लावेना. चालू मशीन बघितलं तरी त्याला दरदरून घाम फुटायचा. मग जयमाला उभी राहिली. तो पाठीमागून सांगायचा, ही करायची. आता नटाचा आटा ती नुसत्या नखानं चाचपून ओळखते. मी तीस वर्षं कागदावर मापं काढली, पण तिच्यासमोर ड्रॉइंग ठेवताना मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं.

त्या गाळ्यात सगळ्यांच्या मानेवर भीती बसलेली असायची. कृष्णात भिंतीवरच्या मेन स्विचवर डावा हात ठेवून उभा राहायचा. मशीन चालू आहे तोवर तो हात हलवत नसे. पाणी प्यायचं तरी मशीन बंद करायला लावी. मी एकदा थट्टेत म्हटलं, "कृष्णात, स्विच पळून जाणार आहे का?" तो हसला नाही. "साहेब, ही दोन हातच राहिल्यात आमच्या घरात," म्हणाला आणि बायकोच्या हातांकडं बघत राहिला. त्यानंतर मी थट्टा केली नाही.

दुसरी भीती त्याच्या आईची. वेणूबाई सत्तरीच्या, मुलासुनेकडंच राहायच्या. त्या गाळ्याच्या उंबऱ्यावर बसायच्या, पण आत कधी पाऊल टाकायच्या नाहीत. त्यांच्या लेखी ते मशीन माणूसखाऊ होतं. त्यांचा खरा जीव अडकला होता तो भिंतीवरच्या एका खिळ्यात. मशीन लावायच्या आधी जयमाला बांगड्या उतरवायची आणि मंगळसूत्र काढून त्या खिळ्याला अडकवायची. कृष्णातचा तसा दंडकच होता, आणि बरोबरच होता. पण नवरा जिवंत असताना सुनेनं रोज मंगळसूत्र काढायचं, हे वेणूबाईंना बघवत नसे. सून खिळ्याकडं वळली की त्या तोंड फिरवून पुटपुटायला लागायच्या.

एकदा हात धुताना जयमालानं बाही वर सारली आणि तिच्या डाव्या मनगटावर मला जाड काळा दोरा दिसला. माझी नजर तिनं ओळखली.

"आत्यांनी गावाकडनं आणलाय, देवीचा," ती हळूच म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "गळा मोकळा, हात मोकळं, निदान ह्यो तरी राहू दे म्हनल्या. रडायलाच लागल्या. बाहीत झाकलेला असतो. ह्यांना सांगू नका, काका."

मी नाही सांगितलं. वाटलं, म्हातारीची श्रद्धा आहे, आपण कशाला बोला? शहाण्या माणसासारखा मी गप्प बसलो. त्या शहाणपणाला आज मी शिव्या घालतो.

शनिवारी दुपारी काम शेवटाला आलं. कॉलर तयार होती. फक्त शाफ्ट पॉलिश करायचा राहिला होता, म्हणजे कॉलर त्यावरून लोण्यासारखी सरकली असती. दुसऱ्या दिवशी टेकडीवर आमची वर्षातली एकुलती एक स्पर्धा होती. मी सकाळपासून दोनदा म्हणालो होतो, "ताई, आजच होईल ना?" ती गाडी मी हातात धरूनच बसलो होतो, बारशाला आलेल्या आत्यासारखा.

शाफ्ट चकात धरलेला होता. चक म्हणजे लेथचा फिरता जबडा. शाफ्ट फिरत असताना पॉलिश पेपरची पट्टी दोन्ही हातांनी त्याच्यावर धरायची असते, म्हणजे हात चकापासून चार बोटांवर. कृष्णात स्विचपाशी होता. वेणूबाई चहाची किटली घेऊन उंबऱ्यावर आल्या होत्या.

जयमालाच्या बाहीतून दोऱ्याचं एक टोक बाहेर आलेलं मी पाहिलं. उसवलेलं, बोटभर लांब. मी तोंड उघडलं. एवढ्यात चकानं ते टोक पकडलं.

ती ओरडली नाही. फक्त "अगं आई" म्हणाली, अगदी हळू, आणि हात ओढला जायला लागला. दोरा नायलॉनचा होता, तुटेना. मनगट चकावर आपटलं. मी कृष्णातकडं बघितलं. त्याचा हात स्विचवर होता, डोळे उघडे होते आणि तो हलत नव्हता. पाच वर्षं ज्या क्षणासाठी तो पहारा देत उभा होता, तो क्षण आला आणि त्याचा दगड झाला. त्याला कशाला बोल लावू? मीही खुर्चीतच होतो, गाडी छातीशी धरून.

किटली पडल्याचा आवाज आला. ज्या बाईनं त्या गाळ्यात कधी पाय टाकला नव्हता, ती उंबरा ओलांडून धावली. मुलाच्या हातावर हात मारून तिनं स्विच खाली ओढला. तिला तो शोधावा लागला नाही. गेली कित्येक वर्षं उंबऱ्यावर बसून ती त्याच हाताकडं बघत होती.

चक आणखी दोन फेरे फिरून थांबला. मी कात्रीनं दोरा कापला. मनगटाची कातडी सोलवटून निघाली होती, रक्ताची धार लागली होती. बोटं मात्र होती. मी मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजली.

दवाखान्यात अकरा टाके पडले. मनगटाचं एक हाड चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आराम, हात वाचला. बाहेर बाकावर कृष्णात ढसाढसा रडत होता. "मी गोठलो, आये. माझा हातच उचलंना." वेणूबाई भिंतीकडं बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोरा मीच बांधला हुता." कृष्णातला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग मीही सांगितलं की मला ठाऊक होतं. तिघांपैकी कुणीच कुणाकडं बघू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो नाही. गाडी माळ्यावर टाकली.

दोन महिन्यांनी जयमालाचा फोन आला. "काका, गाडी घेऊन या. शाफ्ट राहिलाय." मी गाळ्यावर गेलो ते हेच सांगायला, की मला ते नको, माझा नाद पुरे झाला. तिनं ऐकूनच घेतलं नाही. "तुमचा नाद राहू द्या बाजूला. मी आज मशीन लावलं न्हाई तर परत कदी लावायची न्हाई, मला म्हाईत हाय." तिच्या मनगटावर वळ होता, गुलाबी, बांगडीसारखा गोल.

तिनं बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढलं आणि खिळ्याकडं वळली. तेवढ्यात वेणूबाई चपला काढून, देवळात यावं तशा, उंबरा ओलांडून आत आल्या.

"हात बघू," त्या म्हणाल्या. सुनेच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत स्वतः दुमडल्या. दोन्ही मनगटं उलटीपालटी करून बघितली. मग तिच्या हातातलं मंगळसूत्र घेतलं आणि कृष्णातच्या शर्टाच्या खिशात घातलं, डाव्या बाजूला.

"खिळ्याला नगं. ह्ये तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. आनि तू जा, उंबऱ्यावर बस."

खिशावर तो दोन बोटांचा पंजा दाबून कृष्णात आईच्या जागेवर जाऊन बसला. अनवाणी पायांना शॉक नको म्हणून वेणूबाईंनी भिंतीशी लाकडी फळी ओढली, तिच्यावर चढल्या आणि स्विचवर हात ठेवला. पायाखालची फळी वाजत होती.

"आत्या, भ्या वाटतंय व्हय?" जयमालानं विचारलं.

"लई वाटतंय," वेणूबाई म्हणाल्या. "म्हनून तर हुबी हाय. लाव मशीन."