हरेशच्या बहिणीची साक्ष

धरमतरच्या खाडीकाठच्या त्या गावात मृणालीला तिच्या नावाने फारसं कुणी ओळखत नसे. ती ‘जनूची पोर’ किंवा ‘हरेशची बहीण’. जनू उन्हाळ्यात मिठागरात राबायचा आणि पावसाळा लागला की खाडीलगतच्या खारीतली भातशेती करायचा. बायको काशीबाई तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. थोरला हरेश दहावीला आपटून घरी बसला होता. मृणाली पेणच्या शाळेत आठवीत होती. ही गोष्ट त्र्याण्णव सालची.

गावाची शेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. बांधाला एका ठिकाणी उघडी होती, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर जायचं आणि भरतीला फळ्या बसवल्या की खारं पाणी बाहेरच थांबायचं. त्या उघडीपासून थोड्या अंतरावर मारुती कातकऱ्याची कुडाची खोप होती. मारुती, त्याची बायको येसू आणि मृणालीच्याच वयाची करिश्मा अशी तिघं गावात मजुरीला यायची. भातलावणीला, बांधावर माती टाकायला, कापणीला सगळ्यांना तीच लागायची. पण काम संपलं की त्यांनी अंगणाबाहेर थांबायचं आणि भाकरी वरून टाकलेली घ्यायची. “कातकरी अंगणात आला तर कोंबडी मोजून घ्यावी,” असं गावात हसत म्हणायचे. मृणालीही हे ऐकतच वाढली होती आणि इतरांसारखी हसलीही होती. करिश्माबरोबर चिखलातल्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरताना मात्र तिला त्यातलं काहीच आठवत नसे.

नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, भर दुपारी गाव जेवणात गुंतलं होतं. काशीबाईने नव्या तांदळाची खीर आणि भात पानात बांधून मृणालीच्या हाती दिला. “येसूला देऊन ये गो. सणाचा दिस हाय.”

बांधावर चढताच मृणालीला उघडीपाशी दोघं दिसले. एक हरेश आणि दुसरा कान्हू पाटलाचा मुलगा प्रणित. त्यांनी फळ्या उपसून काढल्या होत्या आणि आतल्या बाजूला जाळं लावलं होतं. पुनवेच्या उधाणाचं पाणी घुसत होतं आणि जाळ्यात कोळंबी उड्या मारत होती. मृणालीला बघून हरेश दचकला. “घरी काय बोलू नको हां,” तो म्हणाला. “आता लावतो फळ्या.”

तिने मान हलवली आणि पुढे गेली. कोळंबीची हौस कुणाला नसते?

पण पाण्याचा जोर वाढला, फळ्या नीट बसल्या नाहीत आणि पोरं घाबरून पळाली. फटीतून घुसणाऱ्या पाण्याने बाजूची माती खाल्ली. पुढच्या भरतीला बांधाला भगदाड पडलं. सकाळी गाव उठून बघतं तर पिकायला आलेलं भात खाऱ्या पाण्यात कमरेइतकं बुडालेलं. बायांनी हंबरडा फोडला. जनू बांधावर नुसता बसून राहिला.

त्या दिवशी देवळासमोर गाव जमलं. मारुती आणि येसूला बोलावून समोर उभं केलं होतं. करिश्मा आईच्या लुगड्याला धरून होती.

“बांध कुणी पोखरला ते सांगायला ज्योतिषी नको,” कान्हू पाटील म्हणाले. “चिंबोऱ्यांसाठी बांधाला बिळं कोण पाडतं?”

“पाटील, बांध गेला तं पयली आमची खोप जाते,” मारुती हात जोडून म्हणाला. “आमी कशाला पोखरू?”

“तुझी खोप काय, उद्या दुसरीकडं उभी करशील. आमचं वर्षाचं भात गेलं.”

“मोडा त्यांची खोप! हाकला!” गर्दीतून आवाज आले. त्यातला एक आवाज मृणालीच्या ओळखीचा होता. तो हरेशचा होता.

दादा चुकला, घाबरला, गप्प बसला, इथवर तिला कळत होतं. पण तो ओरडत होता. ती बायकांत उभी होती. चार-पाच पोरं खोपीकडे निघालेली पाहून तिचे पाय आपोआप हलले. काशीबाईने तिचं मनगट पकडलं. “कुठं चाललीस?”

“आई, सोड मला.”

ती पुढे आली. तिचं पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. पाटील म्हणाले, “काय बोलतेस पोरी? मोठ्याने बोल.”

“मारुतीदादाने काय केलं नाय. उघडीच्या फळ्या काढलेल्या. मी बगितलं.”

“कुणी काढल्या?”

मृणालीने हरेशकडे पाहिलं. तिला रडू फुटलं, पण रडतच ती बोलली. “आमच्या हरेशदादानी. नि प्रणितनी.”

“माझ्या पोराचं नाव घेतेस?” पाटील गरजले. “जनू, तुझी पोर आवर!”

जनूने हात उचलला. मृणालीने डोळे गच्च मिटले. पण त्याने तो हात गर्दी बाजूला सारायला उचलला होता. तो सरळ हरेशसमोर जाऊन उभा राहिला.

“ही खरं बोलते काय? माझ्याकडं बघून सांग.”

हरेशने मान वर केली. मग म्हणाला, “व्हय, बाबा. कोळंबीसाठी काढल्या. परत बसवाया गेलो तर पाण्याने ढकलून दिल्या. आमी पळालो.”

खोपीकडे निघालेली पोरं मागे फिरली. मारुतीची कुणी क्षमा मागितली नाही. पाटील एवढंच म्हणाले, “आता उभे काय ऱ्हायलात? ओहोटी लागली. मातीला चला.”

सगळं गाव बांधावर लोटलं आणि मारुती-येसूही पाट्या घेऊन आली. जनू आणि हरेश भगदाडात छातीइतक्या चिखलात उभे होते. वरून मारुती त्यांच्या हातात मातीची ढेकळं देत होता. मृणाली येसूशेजारी रांगेत होती. येसूने हळूच विचारलं, “भावाचं नाव घेताना जीभ जड झाली असल ना गो?”

“लय जड झाली.”

“होनारच. माज्या करिश्माला घेऊन मी कुटं जानार व्हते, तेच समजत नव्हतं.” तिने चिखलाचा हात मृणालीच्या पाठीवरून फिरवला. दिवस कलताना काशीबाई भाकऱ्या घेऊन आली आणि येसूच्या बाजूलाच बसली. दोघींनी एकाच पानातलं सुकट खाल्लं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गावाने जनूला वाळीत टाकलं नाही, पण हळदीकुंकवाला काशीबाईला बोलावणं येईना. बापाने मृणालीला एका शब्दाने टोकलं नाही. हरेश मात्र तिच्याशी बोलत नव्हता आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं. एसटीच्या थांब्यावर पोरी तिला ‘भावाला विकलेली’ म्हणून चिडवायच्या. एकदा ती खाली मान घालून ऐकत असताना मागून हरेश आला. तो पेणला कामाच्या शोधात निघाला होता.

“काय म्हणालीस?” त्याने चिडवणाऱ्या पोरीला विचारलं. “तिनं मला विकलं नाय. मी पळालो नि ती उभी ऱ्हायली. कळलं? परत बोलू नको.”

गाडीत तो मृणालीच्या शेजारी बसला. वडखळ आलं तेव्हा त्याने शेंगदाण्यांची पुडी तिच्यापुढे धरली. ते दाणे खाताना तिला जे वाटलं, ते पुढे कितीही गोडधोड खाऊन कधी वाटलं नाही.

शिमग्याआधीच मारुतीने खोप मोडली. गाव तोंडाने बोलत नसलं तरी गावाची संशयाची नजर बदलली नव्हती. तिघं रोह्याकडे, कुंडलिका नदीकाठच्या एका वाडीवर आपल्या माणसांत गेली. जाताना करिश्मा मृणालीच्या गळ्यात पडून रडली.

दोन-तीन वर्षांनी हरेशला रोह्याच्या एका कंपनीत काम लागलं. एका शिफ्टला आत शिरताना गेटवर माती उपसणाऱ्या मजुरांत त्याला मारुती दिसला. हरेश पुढे झाला आणि त्याने सगळ्यांदेखत मारुतीचे पाय धरले. “त्या दिवशी मी पण ओरडलेलो,” तो म्हणाला. मारुतीने त्याला उठवलं. “ठावं हाय मला. तुजा आवाज वळखला व्हता,” तो म्हणाला आणि त्याने विचारलं, “पोरगी कशी हाय?” तेव्हापासून हरेश सुट्टीला घरी येताना त्यांची खुशाली घेऊन यायचा.

पोरगी बरी होती. पुढे बारावी करून मृणाली पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करू लागली. नव्याण्णव साली तिचं लग्न ठरलं तेव्हा काशीबाई स्वतः एसटीने रोह्याला गेली. वाडीवर जाऊन तिने येसूला कुंकू लावलं आणि अक्षत दिली. “लेकीच्या लग्नाला यायचं. नुसतं तोंड दाखवून पळायचं नाय.”

तिघं आली. करिश्माच्या कडेवर तिचं बाळ होतं. मांडवात पंगत बसली आणि काशीबाईने येसूला हाताला धरून रांगेत बसवलं. शेजारच्या दोन बाया पदर सावरत उठल्या. हरेश भात वाढत होता. त्याने पहिला भात येसूच्या पानात वाढला. रिकाम्या झालेल्या जागी हौसा धवलारीण येऊन बसली. सकाळपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन म्हातारीचा आवाज बसला होता. “मला पण हितंच वाढ रे,” ती म्हणाली. “पोट पाठीला लागलंय.” कान्हू पाटील लग्नाला आलेच नव्हते. पण प्रणित उशिरा आला आणि पंगतीच्या टोकाला बसला.

सासरी निघताना मृणाली सगळ्यांच्या पाया पडली. जनूपुढे वाकली तेव्हा तिला देवळासमोर उचललेला त्याचा हात आठवला आणि ती उठेचना. या बापाने एक थप्पड मारली असती, या भावाने खोटं रेटलं असतं, तर आपण जन्मभर तोंड मिटून जगलो असतो, असं तिला वाटलं. मग ती येसूपुढे वाकली. येसू मागे सरकली. “माज्या पायाला कशाला गो?”

“असू दे, मावशी,” मृणाली म्हणाली आणि तिने पायांना हात लावलाच.

वऱ्हाडाचा टेम्पो सुरू झाला. वळणावरून तिने मागे पाहिलं तेव्हा काशीबाई येसूला सांगत होती, “आता कुठली गाडी? रातची हितंच ऱ्हावा.” आणि करिश्माचं बाळ जनूच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.