लोहाराच्या मुलाची नोंद

लतिका दामले यांनी चौतीस वर्षं खडकीच्या लष्करी रेकॉर्ड ऑफिसात कारकुनी केली. कोण जवान कधी भरती झाला, कुठे जखमी झाला, कुणाच्या विधवेचं पेन्शन का अडलं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. घरी मात्र त्याला 'फायली चाळणं' म्हणत. निवृत्त झाल्यावर, २००५च्या मे महिन्यात, त्या मुलीकडे, आसावरीकडे, शिकागोला आल्या. लेक-जावई सकाळीच कामावर जात. मग डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून मेथीच्या दोन जुड्या आणल्या, निवडल्या, तरी दिवस सरत नसे.

खालच्या मजल्यावर ओवेन स्मिथ नावाचे ऐंशीच्या घरातले आयरिश गृहस्थ एकटे राहत. इमारतीच्या लाँड्रीत ओळख झाली. बाई लष्कराच्या दप्तरात होत्या हे कळताच त्यांनी वर येऊन एक पत्र दाखवलं. महायुद्धात आयर्लंड तटस्थ होतं, पण हल्ला झालाच तर म्हणून गावोगाव राखीव फौज उभारली होती. स्मिथ त्यात चार वर्षं होते. शेतातलं काम आटोपून रेल्वेच्या पुलावर पहारा द्यायचे. पहिले काही महिने तर बंदूकही नव्हती. अमेरिकेत त्यांचा मेव्हणा, फ्रान्समध्ये लढून आलेला, जन्मभर विचारत आला, "तुमच्याकडे युद्ध होतं तरी कुठे?" आणि आता पुरावा म्हणून नोंद मागवली, तर डब्लिनच्या लष्करी दप्तरखान्यानं कळवलं होतं की या नावाची नोंद सापडत नाही.

"नोंद सापडत नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही," लतिकाबाई आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाल्या. "यादी कोण लिहायचं, ते सांगा."

गावातले शाळामास्तर लिहायचे. त्यांना आयरिश भाषेचं भारी वेड. सगळा गाव इंग्रजी बोलायचा, पण मास्तर हजेरी आयरिशमध्येच घ्यायचे.

लतिकाबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. तेलुगू जवानाचं नाव पंजाबी हवालदारानं ऐकून लिहिलं की एका माणसाची तीन माणसं होतात, हे त्यांनी कितीदा निस्तरलं होतं. मास्तर हजेरीला काय नाव पुकारत, असं त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्याला आठवायला वेळ लागला. "मॅकगाऊन. म्हणजे लोहाराचा मुलगा. स्मिथचंच आयरिश रूप. पण ती मास्तरांची हौस हो, माझं नाव नव्हे ते."

"कागद मास्तरांनी लिहिला ना? मग कागदावर तुम्ही 'लोहाराचा मुलगा'च."

त्यांनी पत्राचा मसुदा केला. एका माणसाची नोंद मागितलीच नाही. त्या तुकडीची भरतीच्या सालची अख्खी नामावळी मागितली. गाव, पूल, मास्तरांचं नाव, आयरिश नावाची तीन तऱ्हांची स्पेलिंगं, परिच्छेदाला क्रमांक. टाइप करताना आसावरी थबकली. "आई, हे तू लिहिलंस?"

"मग काय, रोजचंच होतं," त्या म्हणाल्या.

ऑगस्टच्या शेवटी जाड पाकीट आलं. सव्विसाव्या ओळीत ओवेन मॅकगाऊन, वय अठरा, शेतमजूर. पुढे सही, आणि शेऱ्यात पुलाच्या पहाऱ्याचा उल्लेख. स्मिथनी टोपी काढली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

पुढच्या रविवारी ते सूट घालून आले आणि लतिकाबाईंना आयरिश क्लबात जेवायला घेऊन गेले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मेव्हण्यापुढे कागद ठेवला. मेव्हण्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग उठून हात पुढे केला. मेव्हण्याचा हात हातात घेऊन स्मिथनी लतिकाबाईंची ओळख करून दिली, "आणि या माझ्या रेकॉर्ड ऑफिसर."

लतिकाबाई हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या. ऑफिसरची खुर्ची त्यांना कधी मिळाली नव्हती. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. पाठ ताठ करून बसल्या.

क्लबातले आणखी तिघं कागद घेऊन आले. दोघांच्या नोंदी मिळाल्या. तिसऱ्याच्या तुकडीची नामावळीच उरलेली नव्हती, ते त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं आणि चहा पाजला.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या विमानासाठी सोडायला जाताना गाडीत जावई, शैलेंद्र, म्हणाला, "आई, तुमच्या ऑफिसात नेमकं काय काम चालायचं, मी कधी विचारलंच नाही." लतिकाबाईंनी १९७१च्या डिसेंबरपासून सुरुवात केली. ऐकता ऐकता शैलेंद्रचा हायवेवरचा एक्झिट चुकला.