धंदा बघायला गेलो आणि कशेडी उतरलो

महाडकरांनो, सायबर कॅफेत बसून हे टाइप करतोय.

कुवेतहून परत आल्यापासून मी एखादा चालता धंदा विकत घ्यायला शोधतोय, हे तुम्हाला माहीत आहेच. आज गणपतदादांची विकायला काढलेली प्रवासी जीप बघायला गेलो. कशेडी घाट ते पोलादपूर, रोजची लाइन, गिऱ्हाईक बांधलेलं. दादा म्हणाले, "एक फेरी माझ्याबरोबर मारा, मग बोलू."

घाटमाथ्यावर जीप खच्चून भरली. पहिल्याच उताराला दादांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग फक्त टायरचा आवाज, आणि दरी माझ्या बाजूला. बंद इंजिनावर ब्रेक जड होतो, म्हणून प्रत्येक वळणाला दादा सीटवरून अर्धे उठून तो दाबत होते.

मी दांडी धरून कलमा पुटपुटत होतो. मागची म्हातारी म्हणाली, "भिऊ नको रे. हा रोज असाच उतरतो, काय होत नाय."

पोलादपूरला मी विचारलं, "इंजिन चालू ठेवून उतरलात तर?"

दादा हसले. "मग कसला धंदा? चढावर भाडं डिझेलातच जातं. सुटतं ते उतारावर."

दादा खोटं बोलले नाहीत. आता मला भीती दरीची नाही. उद्या ही जीप मी चालवत असेन, मागे तीच म्हातारी बसलेली असेल, डिझेल महागलेलं असेल, तेव्हा माझा हात चावीकडे जाणार नाही, असं तुमच्यापैकी कोणी छातीठोक सांगेल का?