ईनॉकची शेवटची दरज

ईनॉक गार्बट आमच्या गावचा गवंडी. कष्टाळू, पण हट्टी असा की विचारू नका. पंचविशीत त्याने चर्चच्या मनोऱ्याची दक्षिणेकडची भिंत दुरुस्त केली. सहाशे वर्षांची भिंत, चुन्यात बांधलेली. दगडा-दगडांमधल्या दरजांतला भुसभुशीत चुना खरवडून त्याने ठासून सिमेंट भरलं. तेव्हा सगळेच तसं करत. गावाने वाहवा केली, पाद्रीबाबांनी रविवारी भर सभेत नाव घेतलं, आणि गड्याने अगदी खालच्या दरजेत ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलं: ई. गार्बट, १९५८.

वीसेक वर्षांनी दगडांचे पापुद्रे सुटायला लागले. चुना पाणी पितो नि वाऱ्याला देऊन टाकतो. सिमेंटने ती वाट बंद केली होती, पाणी दगडातच अडकून थंडीत गोठत होतं. जुन्या इमारतींच्या पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं, हे कुणी केलं? ईनॉकने टोपी काढली आणि म्हणाला, मी.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो सकाळी परांचीवर. सिमेंट फोडायचं, चुना भरायचा. घाई केली की दगडाची कड जाते, म्हणून वर्षाला हातभर पट्टा, फार तर दोन. मी चर्चच्या आत पितळेची भांडी घासायची, तेव्हा ती टकटक ऐकू यायची. मला भारी राग यायचा. म्हटलं, गावाने कधीच माफ केलंय, तू कशाला जीव जाळतोस?

"गावाने केलं असेल, विनी. भिंतीने कुठं केलंय?"

एकोणतीस उन्हाळे गेले. उरली फक्त नावाची दरज, आणि त्याच्या हातांना कंप सुटला. चर्चच्या समितीने ठरवलं, ती तशीच राहू दे, आठवण म्हणून. सगळे खूश. ईनॉकने मला बोलावून घेतलं. त्याचे डोळे भरले होते.

"त्या चुकीवर माझं नाव ठेवून मला पुरू नका. तू काढ."

"मला पितळेशिवाय काय येतं?"

"म्हणूनच. तुझा हात हलका आहे."

समितीशी मी भांडले, शेवटी ते नाइलाजाने हो म्हणाले. तीन दिवस सकाळी मी छिन्नी चालवली आणि तो खुर्चीत बसून माझ्यावर डाफरत राहिला. हळू बाई, तो दगड आहे, तुझा नवरा नाही. नाव गेलं, चुना भरला, वर ओलं गोणपाट टांगलं. ताजा चुना आठवडाभर ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. दिवसातून तीनदा पाणी, हे त्याने मला दहा वेळा बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला.

चुना भरल्यापासून सहाव्या दिवशी त्याला पुरायचं होतं. ऊन कडक होतं. घंटा वाजत होती, शवपेटी दारातून आत निघाली होती, आणि मी काळ्या कपड्यांत झारी घेऊन भिंतीपाशी. लोक वळून बघत होते. बघू देत. मी गोणपाट भिजवलं, कोपरा उचलून पाहिलं. एकही भेग नव्हती. मग मी आत गेले.