एक पायलट म्हणजे किती?

घाणीची किळस मला फारशी कधी वाटली नाही. आमच्या गल्लीत राहणाऱ्याला ती परवडतही नाही. एका टोकाला कोंबड्या कापणारा, दुसऱ्या टोकाला उघडं गटार, आणि मधे आम्ही. मला खरी शिसारी आली ती एका स्वच्छ, गुळगुळीत दाढी केलेल्या, कानामागे अत्तर लावणाऱ्या माणसाची.

तो माझा शेजारी. गल्ली त्याला तराजू म्हणते. तोंडावर म्हणत नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून म्हणते.

तराजू जन्मभर बस चालवायचा. चांगली चालवायचा, खोटं कशाला बोलू? खड्ड्यातून गाडी अशी अलगद काढायचा की मागच्या बाकावरच्या म्हातारीची कवळी हलायची नाही. तो निवृत्त झाला त्याच वर्षी त्याचा मुलगा वैमानिक झाला, आणि या गृहस्थाच्या डोक्यात जो गिअर अडकला तो पुन्हा निघालाच नाही. दिसेल त्या माणसाची कमाई तो मुलाच्या पगाराने भागायला लागला. त्याचं मापच ठरून गेलं होतं. मुलाचा महिन्याचा पगार म्हणजे एक पायलट. शाळेतले मास्तर म्हणजे दहावा हिस्सा पायलट. पोस्टमन दारात आला की पत्र हातात घेण्याआधी, "वर्षभर जिने चढलास तरी एक पायलट पुरा होत नाही रे तुझा!"

न्हाव्याच्या खुर्चीत तर त्याला विशेष ऊत यायचा.

"दिवसभर डोकी भादरून तुला मिळतं किती?"

"काका, मान हलवू नका. कान जाईल."

"कान गेला तरी चालेल, हिशोब चुकायला नको. तुझं अख्खं वर्ष म्हणजे माझ्या पोराचा एक महिना. तोही अर्धा सुट्टीवर काढलेला!"

वस्तरा त्या वेळी त्याच्या नरड्यावर होता. लोक उगाचच खून करतात असं मी ऐकून आहे. इथे कारण असून केला नाही, म्हणून मी न्हाव्याला मनातल्या मनात हात जोडले.

एकदा आम्ही एका ओळखीच्याच्या मयताला गेलो होतो. मेलेल्याची बायको उभी होती, तिला दोघींनी धरलं होतं, आणि हा खड्डा खणणाऱ्याच्या कानाला लागून विचारतो, "एका खड्ड्याला काय घेतोस?" वर मला येऊन सांगितलं, "महिन्याला शंभर मेले तरी अर्धा पायलट होत नाही." मी त्याच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. उलटीच्या आधी सुटतं तसं.

एका माणसाचा पगार मात्र तो कधी भागायचा नाही: त्याचा स्वतःचा. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मोठी बेरकी बाई. एकदा चहाच्या वेळी माझ्यादेखत तिने विचारलं, "आणि तुमचा किती होता हो? बसवरचा?"

"काहीतरी जळतंय वाटतं आत," तराजू म्हणाला.

"काही जळत नाही. बरं, तुमचा राहू दे. माझा काढा."

"तुझं काय, घरचंच आहे."

"घरचंच, म्हणजे शून्य. भागा बघू शून्याला पायलटने."

तराजूने बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि खिडकीबाहेर कुणाचा पगार जातोय का ते बघायला लागला.

मुलगा तसा बिचारा सरळ. घरी आला की मेल्यासारखा झोपायचा. बापाला सांगायचा, "बाबा, चाकं हलली की माझ्या पगाराचं घड्याळ सुरू होतं. दारं लावून जमिनीवर ताटकळलो तर ते कुणी धरत नाही. आणि उद्या डॉक्टरने कान बघून नाही म्हटलं, की मी घरी." बापाला यातलं काही ऐकूच यायचं नाही. मुलाने पाठवलेल्या पैशांतून त्याने घरावर मजला चढवला, एका संडासाचे चार केले, आणि अंगणात पांढरा संगमरवर घातला.

इथे त्याने जी चूक केली ती तराजूच करू जाणे. अंगणाच्या मधोमध, जमिनीखाली, मैल्याची जुनी टाकी होती. एका संडासापुरती बांधलेली. वर लोखंडी कडीचं झाकण. फरशी बसवणाऱ्याने विचारलं, "काका, झाकणाला जागा सोडू ना?"

"पायलटच्या दारात गटाराचं झाकण? फरशी घाल वरून!"

"मग टाकी उघडायची कशी?"

"आमच्याकडे उघडायची वेळ येत नाही. तुला रोज किती पडतो रे?"

फरशीवाल्याने मुकाट्याने फरशी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे काय झाकलं होतं ते गल्लीला ठाऊक होतं.

आता मुलीचं सांगतो. खरी गोष्ट तिचीच. तराजूची मुलगी हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. तिच्या पगाराला बाप "पायलटचा चहापाण्याचा खर्च" म्हणायचा. तिचं जमलं होतं एका टँकरवाल्याशी. पाण्याचा टँकर नव्हे हो, मैल्याचा. घरोघरच्या टाक्या उपसायचा. टँकर स्वतःचा. बहिणीचं तान्हं घेऊन तो वॉर्डात आला होता, आणि बाळ बरं होऊन घरी गेलं तरी हा विचारपूस करायला येतच राहिला. असं असतं ते.

एकदा तो इस्त्रीचा शर्ट घालून रीतसर मागणी घालायला आला. तराजूने त्याला बस म्हटलं नाही.

"मिळतात किती?"

"खेपेवर असतं, काका. कधी दिवसाला चार, कधी एकही नाही."

"म्हणजे विसावा हिस्सा पायलट. आणि तोही वास मारणारा!"

"वास घरी आणत नाही, काका. दोनदा आंघोळ करतो."

"माणूस धुता येतो. पगार कसा धुणार?"

मुलगी दारात उभी होती. टँकरवाला तिच्याकडे न बघता चपला घालून गेला. लगेच तराजूने जाहीर केलं की मुलाच्या ओळखीतला एक वैमानिक बघितला आहे, रविवारी तो आईला घेऊन बोलणी करायला येतोय. "घरात दोन पायलट!" असं तो दोन बोटं नाचवत मला कुंपणावरून म्हणाला.

संध्याकाळी वहिनी त्याच कुंपणाशी आल्या. मुलीने आईला काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं, आणि मी ते पोटात ठेवलं, म्हणजे फक्त न्हाव्याला सांगितलं. पोरगी म्हणाली होती, "आई, रविवारी मी पाहुण्यांपुढे बसेन आणि नीट नाही म्हणेन. मग बाबांना समजावीन, वर्षभर लागलं तरी चालेल. पण ते पुन्हा त्याला तसं बोलले ना, तर मी त्याच पावली जाईन."

रविवारी सकाळी टाकी भरली.

नुसती भरली नाही, तिने पोटातलं सगळं बाहेर काढलं. खालच्या दोन्ही संडासांतून काळं पाणी फेसाळत वर आलं, उंबरा ओलांडून बैठकीच्या दिशेने निघालं. फरशीच्या सांध्यांतून बुडबुडे येत होते. पांढऱ्या संगमरवरावर त्या पिवळट रेघा अशा उमटल्या की मला माझ्या ओसरीत बसून नाकाला पंचा लावावा लागला. तराजू लेंगा वर धरून टाचांवर नाचत फोन लावत होता. सुट्टीचा दिवस, कुणी उचलेना. शेवटी वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एकच जण उचलेल. लावू?"

टँकरवाला आला. इस्त्रीचा शर्ट नव्हता, बूट गुडघ्यापर्यंत होते. "झाकण कुठंय, काका?"

तराजूने संगमरवराकडे बघितलं. "वरूनच घाल ना पाइप. संडासातून."

"तिथून टाकी उपसत नाही. फरशी फोडावी लागेल."

"फोडायची नाही! माहीत आहे का काय भावाची आहे?"

मुलगा वरून उतरून आला. "बाबा, फोडू दे."

"तू गप्प बस. तुझ्याच पैशांची आहे!"

एवढ्यात दारात गाडी थांबली. पाहुणा वैमानिक आणि त्याची आई उतरले. बाईंनी पदर नाकाला लावला तो लावलाच. तराजू ओल्या पावलांनी पुढे धावला. "या, या! किरकोळ काम चाललंय. ही माणसं अशी, काम कमी आणि घाण जास्त. काय करणार, जन्मच त्यातला!"

वहिनींनी मुलीकडे बघितलं. मुलगी खालच्या पायरीवर उभी होती.

पाहुणा पोरगा मात्र बरा निघाला. तो हसला, टँकरवाल्याला म्हणाला, "आमच्याकडेही असंच असतं. विमानाचा संडास तुंबला की गाडी येते, आणि त्या गाडीवरचा माणूस हात वर करेपर्यंत कॅप्टनसुद्धा हलू शकत नाही."

"त्याला काय मिळतं हो?" तराजूला राहवलं नाही. त्या घाणीत उभा राहूनही राहवलं नाही!

पोरगा म्हणाला, "माहीत नाही. कधी विचारलं नाही मी."

"मी सांगतो, विसावा हिस्सा!" तराजू खूश होऊन टँकरवाल्याकडे वळला. "ऐकलंस? तिथेही तुझी हीच लायकी."

टँकरच्या बाजूला टेकवलेली पहार मुलीने उचलली. लहानपणी ती त्या झाकणावर लंगडी खेळायची. जागा तिला डोळे मिटून ठाऊक होती. पहिल्या घावाला फरशीला तडा गेला, दुसऱ्याला तुकडा उडाला आणि आतून जो भपका आला त्याने पाहुण्या बाई थेट गाडीत जाऊन बसल्या. तराजू किंचाळत होता, "अगं, अख्खी लादी! अख्खी लादी गेली!" मुलगी घाव घालत राहिली. लोखंडी कडी दिसली तशी तिने पहार टँकरवाल्याच्या हातात दिली आणि आत जाऊन हात धुतले. आत पाणी तुंबलेलं, म्हणून वहिनींनी तिच्या हातांवर तांब्याने पाणी घातलं.

टँकरवाल्याने टाकी निमूट उपसली. दर नेहमीचाच सांगितला.

"फरशीचे कापून घेईन," तराजू म्हणाला. "आणि पायलटच्या घरी काम केलंस, त्याचं नाव होईल तुझं. ते काहीच नाही?"

टँकरवाल्याने पाइप गुंडाळला. मुलगा खिशात हात घालून पुढे झाला, तर तो "राहू दे, दादा" म्हणाला. केबिनचं दुसऱ्या बाजूचं दार आधीच उघडं होतं. मुलगी आत बसली होती, मांडीवर हॉस्पिटलची पिशवी.

तराजू गाडीमागे धावला. मला वाटलं, आता हाक मारेल. तो ओरडला, "अरे, पावती तरी दे!"

लग्न त्यांनी सही करून केलं. वहिनी होत्या, भाऊ होता, मी होतो. तराजू नव्हता. फरशीच्या भोकावर त्याने सिमेंट थापून घेतलं, या वेळी कडी वर ठेवून, आणि त्यावर आपली खुर्ची टाकली.

वर्षभराने जावयाने दुसरा टँकर घेतला. नव्या वसाहती भराभर उठत होत्या, टाक्यांना तोटा नव्हता. मुलाला मधे कानाच्या दुखण्याने चार महिने घरी बसावं लागलं. गल्लीला वाटलं, आता तरी याची जीभ आवरेल. सुंभ जळला तरी पीळ जातोय होय?

परवा मी न्हाव्याकडे बाकावर बसलो होतो. खुर्चीत तराजू, अर्ध्या गालावर फेस. म्हणतो कसा, "तुझा अख्खा आठवडा म्हणजे आमच्या जावयाची एक खेप!" ज्या पोराला त्याने बस म्हटलं नाही, त्याचं आता माप झालं होतं.

तेवढ्यात आरशात कोपऱ्यावर टँकर थांबलेला दिसला. गल्लीत तो येत नाही. मुलगी तिथूनच आईला बोलावते. वहिनी लगबगीने जाताना दिसल्या. केबिनचं दार उघडलं. मुलीने एक गाठोडं आईच्या हातात दिलं, आणि ते गाठोडं हातपाय हलवायला लागलं. न्हाव्याचा वस्तरा थांबला. तराजू आरशात एकटक बघत होता. मी बाकावरून अर्धा उठलो. आजोबा उठला तर वाट द्यावी म्हणून.

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा गाडी काढलीय," तराजू म्हणाला. "दुप्पट घेत असणार."

न्हाव्याने वस्तरा पुसला, मिटला आणि खणात ठेवला.

"उरलेली अर्धी घरी करा, काका," तो म्हणाला आणि टॉवेल झटकून माझ्याकडे वळला. "या, बसा."