सेन्सरच्या कपाळी गंध

"मॅडम, तण्णी वरुदु," कुप्पुसामी अण्णा म्हणाले. म्हणजे तमिळमध्ये, पाणी येतंय. त्यांची खाकी पँट पोटरीपर्यंत ओली होती.

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "पाण्याची पातळी अडतीस टक्के आहे अण्णा. रॅम्पवरून येताना भिजला असाल."

"पंपाचा आवाज नाही मॅडम. इतक्या पावसात?"

"आवाज नाही, कारण गरज नाही."

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

अड्यारमधल्या एका सात मजली कमर्शियल इमारतीत मी बीएमएस इंजिनिअर आहे. एसी, लिफ्ट, पंप, सगळ्यांना सेन्सर लावलेत आणि त्यांची खबर माझ्या टेबलावरच्या एका स्क्रीनवर येते, ते सांभाळणं हे माझं काम. बेसमेंटच्या कोपऱ्यात पाणी जमायला एक खोल खड्डा आहे, त्याला आम्ही सम्प म्हणतो. त्याच्या झाकणाखाली एक सेन्सर आहे. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पातळी सांगतो. पातळी साठ टक्क्यांवर गेली की पंप आपोआप सुरू होतात.

कुप्पुसामी अण्णा पंप ऑपरेटर. इमारत उभी राहिली तेव्हापासून इथेच. पूर्वी ते रोज सकाळी सम्पमध्ये बांबू बुडवून पातळी बघायचे आणि वहीत लिहायचे. सेन्सर आल्यावर मी ती वही बंद केली. "आता पेपरलेस," मी म्हणाले होते, मोठ्या ऐटीत.

अण्णांनी वाद घातला नाही. "एकदा खाली चला," एवढंच म्हणाले.

जिन्याची शेवटची पायरी दिसतच नव्हती. पाणी सम्पमधून वर येऊन सगळ्या बेसमेंटभर पसरलं होतं. इमारतीचं मेन इलेक्ट्रिक पॅनेल तिथेच एका खोलीत आहे, वीतभर उंचीच्या ओट्यावर. जनरेटरची वीजही त्याच पॅनेलमधून वर जाते. पाणी ओटा ओलांडायच्या आत मेन बंद करायचा, हा नियम. आणि तिसऱ्या मजल्यावर डायलिसिस सेंटर. त्या वेळी तिथे अकरा पेशंट मशिनला जोडलेले होते.

मी तिथल्या सिस्टरना फोन लावला. "लाइट गेली तर?"

"बॅटरीवर थोडा वेळ मिळेल. पण अकरा जणांचं रक्त परत शरीरात सोडायचं आणि आम्ही तिघीच आहोत. किती वेळ आहे?"

"माहीत नाही. नवीन पेशंट घेऊ नका. रक्त परत सोडायला आत्ताच सुरुवात करा."

तेवढ्यात आमचे फॅसिलिटी हेड रामनाथन सर लाइनवर आले. ते मीटिंगसाठी एन्नोरला गेले होते. "कशाला पॅनिक करताय? माझ्या ॲपवर सगळं ग्रीन आहे."

"सर, ॲप खोटं बोलतंय. मी पाण्यात उभी आहे."

"मग मेन कट करा."

"पाच मिनिटं द्या."

"आणि पाच मिनिटांत काही झालं तर?"

मी फोन तोडून परत सिस्टरना लावला. पंपाचं पॅनेल उंचावर, भिंतीत होतं. अण्णा गमबूट आणि रबरी हातमोजे घालून तिकडे निघाले होते. मी पॅनेलरूमच्या दाराशी थांबले. ओटा अजून चार बोटं वर होता. अण्णांनी स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर टाकला. पहिला पंप घरघरला आणि सुरू झाला. दुसरा सुरू झाला आणि लगेच ट्रिप होऊन बंद पडला.

पाणी तीन बोटांवर आलं.

"अण्णा!"

"थांबा मॅडम." पहिला पंप गरगरत होता. अण्णांनी दुसऱ्याचा रिले रिसेट केला, तोंडाने मुरुगाचं नाव घेतलं आणि परत बटण दाबलं. ट्रिप. मी आत सरकून मेनच्या हँडलवर हात ठेवला होता आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये सिस्टर सांगत होत्या, "सात झाले. चार राहिलेत." पाणी दोन बोटांवर. तिसऱ्यांदा दाबल्यावर दुसरा पंप सुरू राहिला.

पाणी तिथेच थबकलं. मग ओट्यावर ओली रेघ दिसायला लागली, म्हणजे ते उतरत होतं. मी हँडलवरचा हात काढला. मेन बंद करावा लागला नाही. मी सिस्टरना तसं सांगितलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले.

संध्याकाळी रामनाथन सरांसमोर सेन्सर उघडला. त्याच्या चकचकीत तोंडावर चंदनाचा जाड, वाळलेला थर होता आणि मधोमध अंगठ्याने उमटवलेला कुंकवाचा ठसा. आठ दिवसांपूर्वी आयुधपूजा झाली होती. त्या थरातून आवाज बाहेरच पडत नव्हता. आणि 'उत्तर आलं नाही तर शेवटचा आकडा धरून ठेव' हे सेटिंग मीच टाकलेलं, फुकटचे अलार्म वाजू नयेत म्हणून. आठ दिवस स्क्रीनवर अडतीसची सरळ रेघ होती. मला वाटत होतं, किती छान चाललंय.

सर अण्णांकडे वळले. "कोणाचा उद्योग हा? इतकी वर्षं झाली, एवढी अक्कल नाही? उद्यापासून येऊ नका."

अण्णा खाली मान घालून उभे राहिले.

पूजेच्या दिवशी सगळी मशिन पुसताना त्यांनी सेन्सर काढून हातात धरला होता. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला ते प्रत्येक हत्याराला गंध लावायचे, एक पानासुद्धा सोडायचे नाहीत. तीच सवय माझ्या हाताला. अण्णा म्हणाले होते, "मॅडम, तोंडाला नको, अंगाला लावा." आणि मी हसले होते, "कपाळ सोडून गंध कुठे लावतात का?"

"सर, तो अंगठा माझा आहे," मी म्हणाले.

सरांनी सेन्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रिपोर्टमध्ये मी ते तसंच लिहिलं. माझं त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. अण्णा राहिले.

आता शेवटचा आकडा धरून ठेवायचं सेटिंग नाही, उत्तर आलं नाही की अलार्म वाजतो. फुकटचाही वाजतो, वाजू दे. वही परत सुरू आहे. आणि आयुधपूजेला सेन्सरच्या फक्त वायरला गंध लागतं. पहिलं गंध मी बांबूला लावते, तेही अण्णांना विचारून, कुठे लावू म्हणून.